स्टडली रॉयल : पाण्याच्या आरशातली बाग

इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्कशायरात, रिपनजवळ ही जलबाग आहे. ‘साउथ सी’ घोटाळ्यात अर्थमंत्रिपद आणि १७२१ मध्ये खासदारकीही गमावल्यावर जॉन एस्लबी यांनी उरलेलं आयुष्य इथे ओतलं. स्केल नदीचं पाणी खेळवून त्यांनी गोल आणि चंद्रकोरीच्या आकाराची तळी घडवली. काठावरची देवळं पूजेसाठी नाहीतच, ती केवळ नजरेसाठी. ‘टेम्पल ऑफ फेम’चे खांब दगडी भासतात, पण आहेत पोकळ लाकडाचे! ‘सरप्राइज व्ह्यू’पाशी मात्र घाई करू नका : तिथून ११३२ मध्ये स्थापन झालेल्या फाउंटन्स मठाचे भग्नावशेष अवचित समोर येतात.

जागतिक वारसा : १९८६ पासून.

चहा : स्टडलीच्या तळ्याकाठच्या टी-रूममध्ये, फेरफटका संपवून.