जिवाणूंचे खाणकाम

कोळशाच्या खाणींतून झिरपणारे पाणी आंबट आणि तांबूस होऊन ओढे का नासवते, याचा उलगडा अमेरिकेत १९४७ मध्ये झाला. कोल्मर आणि हिंकल या संशोधकांना त्या पाण्यात लोहावर जगणारा एक जिवाणू सापडला. आज तो अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या नावाने ओळखला जातो. अवघ्या ११ वर्षांनी, १९५८ मध्ये, केनेकॉट या तांबे कंपनीने त्याच्याकडून धातू काढून घेण्याचे पेटंट मिळवले.

या जिवाणूला ना ऊन लागते, ना सेंद्रिय अन्न. फेरस लोहाचे फेरिक लोह करताना मिळणाऱ्या ऊर्जेवर आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर त्याचे भागते. फेरिक लोह गंधकयुक्त खनिज फोडते, तांबे आम्लात उतरते आणि लोह पुन्हा फेरस होते. जिवाणू ते पुन्हा फेरिक करतात. हे चक्र चालू राहते. तीव्र आम्लात एरवी अतिशय मंद चालणारी फेरसचे फेरिक होण्याची क्रिया जिवाणूंमुळे लाखो पटींनी वेग घेते.

हेच चक्र वापरून चिलीत १९८० पासून लो आगिरे खाणीत तांब्याच्या खनिजाचे ढीग रचून त्यांवर आम्ल शिंपडले जाऊ लागले. भट्टीला न परवडणारे हलक्या प्रतीचे खनिज त्यामुळे कामी आले. सोन्याची तऱ्हा वेगळी. काही खडकांत सोन्याचे कण पायराइट आणि आर्सेनोपायराइट या गंधकयुक्त खनिजांत कोंडलेले असतात, तिथे सोने विरघळवणारे सायनाइड पोचत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून मोठ्या टाक्यांत हवा खेळवून जिवाणूंकडून हे आवरण विरघळवले जाते. खनिज भाजताना निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि आर्सेनिकचा धूर यात टळतो. युगांडात कासेसे येथे तांब्याच्या जुन्या खाणीने मागे टाकलेल्या पायराइटच्या ढिगांतून १९९९ पासून कोबाल्ट काढला गेला. कचऱ्याचीच खाण झाली.

भारतात हट्टीच्या सोन्याच्या खनिजावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने काम केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हा विषय अभ्यासला गेला.

मात्र जिवाणू आहेत म्हणून उद्योग निर्मळ होत नाही. फिनलंडमधील तालविवारा येथे २००८ मध्ये याच पद्धतीने निकेल काढायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथला जिप्समचा तलाव गळला. निकेल आणि युरेनियम असलेले पाणी आसपासच्या जलाशयांत गेले. पुढे कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि २०१५ मध्ये सरकारी मालकीच्या टेराफेमने खाण हाती घेतली.

आपल्यासाठी हा धडा ई-कचऱ्याच्या संदर्भात मोलाचा आहे. मुरादाबादेत सर्किट बोर्ड उघड्यावर जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले जात आले आहेत. त्याची किंमत तिथले कामगार आणि रामगंगा नदी मोजतात. प्रयोगशाळांत याच बोर्डांच्या भुकटीतले तांबे जिवाणूंनी तयार केलेल्या फेरिक लोहाने विरघळते. सोन्यासाठी सायनाइड बनवणारे वेगळे जिवाणू लागतात. बोर्डांतली विषारी द्रव्ये जिवाणूंनाही मारतात, म्हणून त्यांना आधी स्वतंत्र टाकीत वाढवून मगच भुकटी घालावी लागते. वेळ लागतो, पण भट्टी लागत नाही.

ओढे नासवणारा आणि तांबे देणारा जिवाणू एकच आहे. फरक पडतो तो पाणी अडवण्याने, आम्ल उदासीन करण्याने आणि उरलेल्या गाळाची जबाबदारी घेण्याने. हा खर्च धातूच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरला, तरच या तंत्राला स्वच्छ म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.