शेतकऱ्याच्या पोराची घड्याळं आणि वारस नसलेली पेढी

शेतकरी मंडळी, स्वित्झर्लंडचं घड्याळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं शहरातला झगमगता कारखाना येत असेल. पण तिथल्या जुरा डोंगरात हा धंदा वाढला तो शेतकऱ्यांच्या घराघरांत. हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ. जनावरं गोठ्यात, रान पांढरंफटक, हाताला काम नाही. मग घरातली माणसं खिडकीच्या उजेडात बसून घड्याळाचे सुटे भाग करायची. कुणी चाकं, कुणी स्क्रू, कुणी काटे. व्यापारी ते गोळा करून घड्याळ जुळवायचा. आपल्याकडं पानं-तंबाखू घरी आणून विड्या वळतात, तसलीच ही पद्धत म्हणा ना!

याच डोंगरात सोन्विलिए नावाचं एक खेडं आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं, लुई-युलिस शोपार यानं, १८६० साली वयाच्या २४ व्या वर्षी स्वतःची घड्याळाची पेढी काढली. सुटा भाग करणाऱ्यापेक्षा तयार मालावर नाव घालणाऱ्याला भाव जास्त मिळतो, हे डेअरीला दूध घालणाऱ्या तुम्हा लोकांना मी काय सांगावं! शोपारची खिशातली घड्याळं पार परदेशी जाऊ लागली. पुढं मुलानं धंदा सांभाळला आणि १९३७ साली पेढी जिनिव्हा शहरात आली.

तिसऱ्या पिढीत मात्र घोडं अडलं. नातू पॉल-आंद्रे शोपार म्हातारा होत चालला होता आणि त्याच्या मुलांना या धंद्यात यायचं नव्हतं. घरटी एक पोरगं पुण्या-मुंबईला, अन् बांधावर म्हातारा एकटा, हे चित्र आपल्या गावात नवं आहे का? शंभर वर्षांचं नाव, पण पुढं चालवायला माणूस नाही.

त्याच सुमारास जर्मनीतल्या फोर्त्झहाइम गावचे कार्ल शॉयफेले वेगळ्याच अडचणीत होते. घराणं सोनाराचं, पेढी १९०४ ची. दागिन्यांची घड्याळं ते करत, पण आतल्या यंत्रासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागे. १९६३ साली दोघांचं जमलं. म्हाताऱ्यानं पेढी विकली ती नुसत्या पैसेवाल्याला नव्हे, कसबी घराण्याला. माझ्या मते खरा शहाणपणा हाच. नव्या मालकानंही दारावर आपलं नाव लावलं नाही. शोपार हे नाव आजही तसंच आहे.

पुढं १९७६ साली या पेढीनं एक घड्याळ काढलं. त्यात दोन काचांच्या मधे सुटे हिरे मोकळे फिरतात. कारागिराला ही कल्पना धबधब्याचे उडते तुषार बघून सुचली. मग १९८५ साली शॉयफेले यांची मुलगी कॅरोलिन हिनं पोटात हिरे खुळखुळणारा विदूषक कागदावर काढला. वडिलांनी तो घडवून घेतला आणि त्यातून पेढीचा दागिन्यांचा धंदा उभा राहिला. पोरीचं चित्र वहीतच राहू दिलं असतं तर? तिचा भाऊ कार्ल-फ्रिडरिश यानं १९९६ साली फ्लरिए गावात कारखाना घातला. घड्याळाचं यंत्र तिथं घरचंच होऊ लागलं. म्हणजे धंदा परत त्याच जुरा डोंगरात आला! आज दोघं बहीण-भाऊ बरोबरीनं कारभार बघतात. दागिने तिच्याकडं, पुरुषांची घड्याळं त्याच्याकडं.

जुलै २०१८ पासून आपण केवळ जबाबदारीनं काढलेलं सोनं वापरतो, असं पेढीनं जाहीर केलं आहे. त्यात दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या खाणवाल्यांचं सोनंही येतं.

आणि हो, या कार्ल-फ्रिडरिशनं २०१२ साली फ्रान्समधे बर्जराक भागात द्राक्षमळा घेतलाय. त्याची शेती रासायनिक खतांवाचून, जैवगतिक पद्धतीची. या पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरून ठेवतात आणि नंतर पाण्यात ढवळून रानात शिंपडतात.