चूक झाकू नका, शोधा!

धाराशिव असो, तुळजापूर असो की उमरगा, बचत गटाचा हिशेब आता पुष्कळ जणी संगणकावर ठेवतात. एक्सेलच्या तक्त्यात सूत्र घातले की बेरीज क्षणात होते. पण मध्येच आकड्याच्या जागी इंग्रजीतली एखादी विचित्र खूण उमटते आणि हिशेब लिहिणारीच्या पोटात गोळा येतो. मैत्रिणींनो, घाबरू नका. कुठे बिनसलंय, तेच ती खूण सांगत असते.

‘डिव्ह’ आले, तर शून्याने किंवा रिकाम्या चौकटीने भागाकार झालाय. ‘व्हॅल्यू’ म्हणजे आकड्याच्या जागी अक्षरे आली. ‘रेफ’ म्हणजे सूत्राला हवी असलेली ओळ कुणीतरी काढून टाकली. लगेच कंट्रोल आणि झेड ही बटणे एकत्र दाबली की ती परत येते. ‘नेम’ म्हणजे बहुधा सूत्राचे स्पेलिंग चुकले. चौकटभर नुसत्या हॅशच्या खुणा दिसल्या, तर बहुतेक वेळा रकाना अरुंद पडलेला असतो. तो रुंद करावा.

‘इफएरर’ नावाचे सूत्र या खुणांच्या जागी शून्य किंवा कोरी जागा दाखवते. तक्ता देखणा दिसतो, पण दोष तसाच राहतो. कारण सापडल्यावाचून ते वापरू नये.

खरी भीती मुक्या चुकीची, बरं का! समजा, बारा जणींनी प्रत्येकी २०० रुपये भरले. बेरीज २४०० हवी, आली २२००. एकीच्या चौकटीत ‘२०० रु.’ असे लिहिलेले असते, आणि ‘सम’ हे सूत्र अक्षरांची चौकट मुकाट्याने वगळते. म्हणून निव्वळ आकडा लिहावा, तोही इंग्रजी अंकांत. एरवी आकडा चौकटीत उजवीकडे राहतो, अक्षरे डावीकडे. नुसत्या नजरेनेही कळते.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही होते. राइनहार्ट आणि रोगॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञांच्या देशोदेशींच्या कर्जांवरील २०१० च्या लेखात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. खूण कसलीच उमटली नव्हती. २०१३ साली थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने ती चूक उजेडात आणली.

तेव्हा नवी सभासद आली, खाली ओळ वाढवली, की सूत्र तिथवर पोचते का ते पाहा. महिन्याकाठी एकदा बेरीज हाताने करा, पासबुकाशी ताडून घ्या. गटातली एखादी रोजंदारीवर जाऊन पैसे भरते. तिचे २०० रुपये हिशेबात दिसलेच पाहिजेत.