अमेरिकेने ‘आमचं संगीत शोधून द्या’ म्हणून बोलावलं, त्याने बोट दाखवलं गुलामांच्या गाण्यांकडे!

जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग अपोलो ११ मधून चंद्राकडे निघाला. सोबत एका सिंफनीचं रेकॉर्डिंग होतं. नाव, ‘न्यू वर्ल्ड सिंफनी’. म्हणजे नव्या जगाची सिंफनी. माणूस खरोखरच एका नव्या जगावर पाय ठेवायला निघाला होता, त्यामुळे निवड अगदी चपखल होती.

गंमत म्हणजे ही सिंफनी लिहिणारा माणूस अमेरिकन नव्हताच. तो होता चेक, खेड्यातल्या एका खाटकाचा मुलगा. अमेरिकेत तो राहिला जेमतेम अडीच वर्षं. पण तेवढ्यात त्याने अमेरिकन लोकांना असं काही ऐकवलं, की तिथल्या बड्या मंडळींना ते पचवणं जड गेलं.

त्या माणसाचं नाव अंतोनिन द्वोर्झाक.

खाटकाच्या घरातला वादक

द्वोर्झाकचा जन्म ८ सप्टेंबर १८४१ चा. प्रागच्या उत्तरेला नेलाहोझेवेस नावाचं खेडं आहे, तिथला. वडील खाटकाचा धंदा करायचे आणि गावात खाणावळही चालवायचे. त्यांना झिथर हे तंतुवाद्य वाजवता यायचं. खाणावळीत लग्नाच्या वराती यायच्या, नाच व्हायचे. पोराच्या कानावर पहिलं संगीत पडलं ते हेच.

तेव्हा चेक लोकांचा स्वतःचा देश नव्हता. सगळा भाग ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. सरकारी कामकाज, मान आणि पैसा जर्मन भाषेकडे होता. पुढे जायचं तर जर्मन शिका, असा सरळ हिशोब होता. आपली भाषा, आपली गाणी गावंढळ समजली जाणं म्हणजे काय, हे द्वोर्झाकने लहानपणापासून पाहिलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सोळाव्या वर्षी तो प्रागला ऑर्गन शिकायला गेला. शिक्षण झाल्यावर एका बँडमध्ये आणि मग थिएटरच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायला लागला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य. तिथे नऊ वर्षं काढली. पगार तुटपुंजा, म्हणून शिकवण्या घ्यायचा. उरलेल्या वेळात स्वतःचं संगीत लिहायचा, पण त्यातलं फारसं काही कुणी वाजवत नव्हतं.

घरातही दुःखं काही कमी नव्हती. १८७५ ते १८७७ या काळात त्याची पहिली तिन्ही मुलं गेली. त्या काळातच त्याने ‘स्टाबात मातर’ ही मोठी रचना पूर्ण केली. क्रुसाखाली उभ्या असलेल्या येशूच्या आईचं दुःख हा तिचा विषय आहे.

नशीब फिरलं ते शिष्यवृत्तीमुळे. ऑस्ट्रियन सरकार होतकरू गरीब कलावंतांना मदत द्यायचं. अर्ज तपासणाऱ्यांत होता योहानेस ब्राम्स, त्या काळातला युरोपातला बडा संगीतकार. त्याला द्वोर्झाकच्या रचना एवढ्या आवडल्या, की त्याने बर्लिनच्या झिमरॉक नावाच्या आपल्या प्रकाशकाला त्या छापायला सांगितल्या. १८७८ मध्ये ‘स्लाव्हॉनिक डान्सेस’ बाजारात आले आणि द्वोर्झाकचं नाव युरोपभर झालं. चेक खेड्यातल्या नाचांची लय थेट मोठ्या शहरांच्या मैफिलीत पोहोचली.

पण प्रसिद्धी मिळाली तरी एक खटका उडतच राहिला. प्रकाशकाला छापायचं होतं जर्मन वळणाचं ‘अँटोन’. हा गडी अडून बसला, माझं नाव अंतोनिन आहे! शेवटी तोडगा निघाला, नुसतं ‘अँट.’ छापायचं. पुढचं ज्याने त्याने आपापल्या सोयीने वाचावं.

मग इंग्लंडने त्याला डोक्यावर घेतलं. एकूण नऊ वेळा तो तिथे गेला, केंब्रिजने १८९१ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. कमाईतून त्याने व्हिसोका या खेड्यात घर घेतलं आणि कबुतरं पाळली. त्याचं दुसरं वेड म्हणजे रेल्वे. प्रागच्या स्टेशनवर जाऊन तो इंजिनं न्याहाळत बसायचा.

अमेरिकेचं बोलावणं

न्यूयॉर्कमध्ये जीनेट थर्बर नावाच्या बाईंनी १८८५ मध्ये संगीताची एक संस्था काढली होती. नाव, नॅशनल कॉन्झर्व्हेटरी. ही संस्था काळाच्या बरीच पुढे होती. तिथे मुलींना, अपंगांना आणि कृष्णवर्णीय मुलांनाही प्रवेश होता. ज्यांना परवडत नाही त्यांना फी माफ.

थर्बरबाईंची खंत एकच होती. अमेरिकेकडे पैसा आहे, कारखाने आहेत, पण स्वतःचं म्हणावं असं शास्त्रीय संगीत नाही. जे आहे ती युरोपची नक्कल. मग ज्याने आपल्या लोकांच्या गाण्यातून जगन्मान्य संगीत उभं केलं, अशा माणसालाच संचालक म्हणून आणावं, असं त्यांनी ठरवलं. द्वोर्झाकला वर्षाला १५ हजार डॉलर देऊ केले. प्रागच्या पगाराच्या कितीतरी पट.

सप्टेंबर १८९२ मध्ये तो बायको आणि दोन मुलांना घेऊन न्यूयॉर्कला उतरला. इथे एक पंचाईत झाली. तिकिटाशिवाय प्लॅटफॉर्मवर सोडत नव्हते, त्यामुळे इंजिनं बघता येईनात. मग साहेब बंदरावर जाऊन जहाजं बघायला लागले.

दिवे लावणाऱ्या आजोबांची गाणी

कॉन्झर्व्हेटरीत हॅरी बर्ली नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याचे आजोबा एकेकाळी गुलाम होते. पुढे त्यांची दृष्टी गेली. ते रस्त्यावरचे दिवे लावण्याचं काम करायचे आणि लहानगा हॅरी त्यांच्या सोबत फिरायचा. फिरताना आजोबा गुलामगिरीच्या दिवसांतली गाणी म्हणायचे.

या गाण्यांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. बायबलमधल्या गोष्टी आणि सुटकेची आस यांतून ती जन्मली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या जशा कुणी एकाने बसून लिहिल्या नाहीत, तोंडोतोंडी पुढे गेल्या, तशीच ही गाणी.

बर्ली ती द्वोर्झाकला घरी जाऊन म्हणून दाखवायचा. द्वोर्झाक थांबवायचा, प्रश्न विचारायचा, पुन्हा म्हणायला लावायचा.

आणि मे १८९३ मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वर्तमानपत्रात त्याचं म्हणणं छापून आलं. अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया कृष्णवर्णीयांच्या गाण्यांवरच घातला पाहिजे, मोठ्या संगीताला लागतं ते सगळं त्यांत आहे, असा त्याचा सूर होता.

आज हे वाचून विशेष वाटणार नाही. पण काळ बघा. गुलामगिरी कायद्याने संपून २८ वर्षं झाली होती. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारणं सुरू होतं. तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. अशा वेळी युरोपातून आणलेला नामवंत पाहुणा सांगत होता, तुम्ही शोधताय ते तुम्ही ज्यांना माणसात धरत नाही त्यांच्याकडे आहे. बोस्टनच्या टीकाकारांनी त्याच्यावर झोड उठवली.

त्याची समज परिपूर्ण होती असं नाही. कृष्णवर्णीयांचं आणि मूळ अमेरिकन आदिवासींचं संगीत जवळपास सारखंच आहे, असंही तो म्हणून गेला. ते चूक होतं. पण कान कुठे द्यायचा, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

तो बोलून थांबला नाही. जानेवारी १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने एक कार्यक्रम केला. कोरसमध्ये कृष्णवर्णीय गायक, आणि एकल गायला सिसिरेटा जोन्स ही गाजलेली गायिका आणि आपला हॅरी बर्ली.

आयोवातला उन्हाळा आणि कार्नेगी हॉल

१८९३ च्या उन्हाळ्यात द्वोर्झाकने रेल्वेने थेट आयोवा राज्यातलं स्पिलविल गाठलं. हे चेक लोकांची वस्ती असलेलं छोटं गाव. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, नदीकाठी फिरायचा, आपल्या भाषेत गप्पा. तिथे पोहोचताच अवघ्या तीन दिवसांत त्याने एका रचनेचा आराखडा लिहून काढला. चार वाद्यांची ही रचना ‘अमेरिकन क्वार्टेट’ म्हणून ओळखली जाते.

सिंफनी मात्र न्यूयॉर्कमध्येच, मे महिन्यात पूर्ण झाली होती. १६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकने ती वाजवली आणि लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. (याच ऑर्केस्ट्राची धुरा पुढे १९७८ ते १९९१ आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी सांभाळली.)

या सिंफनीच्या दुसऱ्या भागाचं नाव ‘लार्गो’, म्हणजे अतिसंथ. त्यात कोर आंग्ले नावाच्या सुषिर वाद्यावर एक धून येते. तिची सुरुवात आपल्या स्वरांत म्हणून बघा : ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. म नाही, नि नाही. भूपाचे स्वर! हा भूप नव्हे, हे उघड आहे. पण सा रे ग प ध हे पाच स्वर जगभरच्या लोकगीतांत सापडतात, स्पिरिच्युअलमध्येही. म्हणून ही धून पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीची वाटते.

द्वोर्झाकने कुठलंही गाणं जसंच्या तसं उचललं नव्हतं. त्या गाण्यांचा स्वभाव पकडून धून स्वतः रचली. पण ती इतकी अस्सल वाटली, की १९२२ मध्ये त्याच्या विल्यम फिशर नावाच्या विद्यार्थ्याने तिला शब्द जोडून ‘गोइंग होम’ हे गाणं केल्यावर, लोक त्यालाच जुनं स्पिरिच्युअल समजायला लागले. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले, तेव्हा ग्रॅहम जॅक्सन या कृष्णवर्णीय वादकाने रडत रडत अकॉर्डियनवर हीच धून वाजवली. तो फोटो आजही प्रसिद्ध आहे.

मग पुढे काय झालं?

१८९३ मध्ये अमेरिकेत आर्थिक संकट आलं. थर्बर कुटुंबाचा पैसा बुडाला, द्वोर्झाकचा पगार रखडायला लागला. घरची ओढही होतीच. एप्रिल १८९५ मध्ये तो कायमचा परतला. निघण्याआधी त्याने एक चेलो कन्चेर्टो लिहिला. परतल्यावर महिन्याभरातच मेहुणी योसेफिना वारली. तरुणपणी त्याचं तिच्यावर प्रेम होतं. तिच्या आठवणीत त्याने त्या रचनेचा शेवट बदलला. १ मे १९०४ ला प्रागमध्ये त्याचं निधन झालं.

आणि त्याची भविष्यवाणी? ती खरी ठरली, पण त्याने कल्पना केली होती तिथे नाही. शास्त्रीय संगीताचे हॉल कृष्णवर्णीय संगीतकारांसाठी बंदच राहिले. त्यांच्यातल्या एका बाईची, फ्लॉरेन्स प्राइस यांची, सिंफनी एखाद्या मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राने पहिल्यांदा वाजवली ती १९३३ मध्ये. द्वोर्झाकच्या त्या भाषणबाजीला तोवर ४० वर्षं झाली होती. पण हॉलबाहेर ब्लूज आणि जॅझ जन्मले, आणि अमेरिकन संगीत म्हणून जग त्यांनाच ओळखायला लागलं.

हॅरी बर्लीने आजोबांची गाणी कागदावर उतरवली, पियानोच्या साथीने मैफिलीत आणली. ती आज जगभर गायली जातात, त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आता ऐकायचं काय?

पहिल्यांदा ‘लार्गो’ ऐका, साधारण १२ मिनिटं. मग सिंफनीचा शेवटचा भाग. त्याची सुरुवात ऐकून शार्कवाल्या ‘जॉज’ सिनेमाची आठवण नक्की येईल. वेग हवा असेल तर ‘स्लाव्हॉनिक डान्सेस’मधला आठवा नाच. आणि रात्री निवांत वेळ असेल तर चेलो कन्चेर्टो.

त्यानंतर हॅरी बर्लीचं ‘डीप रिव्हर’ जरूर ऐका. कारण चंद्रावर गेलेल्या त्या सिंफनीची एक वाट, रस्त्यावर दिवे लावणाऱ्या एका आंधळ्या आजोबांपर्यंत जाते.