स्टिअरिंग थरथरतंय? आधी बघा, कधी थरथरतंय!

बाजाराला माल न्यायला गटाची स्वतःची गाडी असावी, असं पुष्कळ बचत गटांना वाटतं. नवी परवडत नाही, म्हणून आपण जुना टेम्पो बघायला जातो. चालवून बघताना स्टिअरिंग थरथरलं, की विकणारा म्हणतो, "काही नाही ताई, अलाइनमेंट केलं की थांबेल." तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी सहसा एका बाजूला ओढते आणि टायर एकीकडूनच झिजतो. थरथरीचं कारण बहुधा वेगळं असतं. ते ओळखायला एकच बघायचं, थरथर नेमकी कधी होते?

गाडी उभी आहे, नुसतं इंजिन चालू आहे, तरी हादरे बसतात? मग दोष चाकात नाही. इंजिनाखालचं रबरी माउंटिंग गेलं असेल, नाहीतर इंजिनच नीट चालत नसेल.

हळू असताना ठीक, पण वेग ६०-७० च्या पुढे गेला की थरथरतं? बहुतेक चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. रिमवरचं छोटं वजन पडलं किंवा रिमच्या आत चिखल वाळून बसला तरी असं होतं. हे काम थोडक्यात भागतं.

हळू चालवतानाही स्टिअरिंग डुलतं? टायरला फुगा आलाय का, रिम वाकलीय का ते बघा. फुगा आलेला टायर कधीही फुटू शकतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. त्यावरून टायरचं वय कळतं.

फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं? पुढच्या ब्रेकची डिस्क किंवा ड्रम असमान झिजलाय.

खड्ड्यात झटके बसतात, खडखड होते, स्टिअरिंग ढिलं वाटतं? इथे सावध व्हा. ओळखीच्या मेकॅनिकला पुढचं चाक जॅकवर उचलायला सांगा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर हललं, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला असतो. डावी-उजवीकडे हललं, तर बहुधा टाय रॉड एंड. हा तुटला तर स्टिअरिंग फिरतं, पण चाक ऐकत नाही. गाडीत माणसं असतात, बायाबापड्या असतात. हे दुरुस्त झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूच नका.

म्हणून मैत्रिणींनो, गाडी बघायला जाताना मेकॅनिक आपला न्या. साध्या रस्त्यावर, खड्ड्यांतून आणि ब्रेक दाबून, तिन्ही प्रकारे चालवून बघा. काय आढळलं ते गटाच्या वहीत लिहा, दुरुस्तीचा खर्च विचारा आणि तो किमतीतून वजा करायला लावा. दोष सौद्याआधी कळला तर भाव कमी होतो, नंतर कळला तर गटाची बचत कमी होते.