बहर आणि बाजार – भाग ७
शेवंतीची रात्र, दसऱ्याची तारीख

गेल्या आठवड्यात आपण भाद्रपदातली पत्री आणि गौरीचा तेरडा पाहिला. पाऊस झाला की हे बांधाबांधावर आपसूक उगवतं. आश्विनापासून फुलबाजारात जे येतं, ते मात्र दिवस मोजून आणलेलं असतं. मोजायचं कशावर, इथेच खरी मेख आहे. कारण शेवंती सूर्याप्रमाणे चालते आणि गिऱ्हाईक पंचांगाप्रमाणे.

आधी शेवंती. पुण्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. दोन-सव्वादोन तासांचा हा फरक आपल्या लक्षातही येत नाही, शेवंतीला पुरतो. उन्हाळ्याच्या शेवटी लावलेलं रोप पावसाळाभर पानं आणि फुटवे वाढवतं. रात्र लांबू लागली की शेंडा पानं काढायचं थांबवून कळी धरतो. गंमत म्हणजे कळी शेंड्यावर येत असली, तरी रात्र मोजण्याचं काम पानं करतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात हे दाखवलं, तेही शेवंतीवरच. फक्त पानांना लांब रात्र दिली, तरी शेंड्याला कळ्या लागल्या.

पॉलीहाऊसवाले याच स्वभावाचा फायदा घेतात. दांडा उंच हवा असेल तोवर मध्यरात्री काही तास दिवे लावून रात्र मोडायची. उंची मिळाली की दिवे बंद करायचे, आणि गरज पडली तर संध्याकाळीच काळं कापड ओढून रात्र वाढवायची. मोकळ्या रानातल्या शेवंतीला ही सोय नाही. तिच्या पारंपरिक जातींचा भर थंडीच्या तोंडाशीच येतो.

झेंडू रात्रीच्या लांबीबाबत एवढा काटेकोर नाही. पुनर्लागवडीपासून साधारण दोन महिन्यांत तो तोडणीला येतो. म्हणून शेतकरी दसऱ्यापासून उलटा हिशेब करतो. पण दसरा कुठे एका तारखेला थांबतो? २०२३ साली अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला गेला. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरलाच होता. म्हणजे एका वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लावलेलं रोप वेळेवर येतं, तर दुसऱ्या वर्षी जुलैअखेरीलाच रोपं रानात हवीत. लागवडीनंतर महिन्याभराने शेंडा खुडला, तर फुटवे वाढून फुलं जास्त मिळतात, पण पहिला तोडा लांबतो. तेही दिवस हिशेबात धरावे लागतात.

हिशेब चुकला तर? दसऱ्याच्या सकाळी तोरणासाठी मागाल तो भाव आणि दुपारनंतर रस्त्याकडेला टाकून दिलेले ढीग, हे दृश्य शहरात नवं नाही. चार दिवस उशिरा उमललेलं फूलही तितकंच टपोरं असतं, पण दिवाळीपर्यंत त्याला कोणी विचारत नाही.

दसरा लवकर आला की बाजार झेंडूच्या भरवशावर असतो. तो लांबला, तर रानातली शेवंतीही त्याला गाठते. पंचांग हाती आलं की अधिक मास कुठे पडतो, हे फूलशेतकरी आधी पाहतो, ते यासाठी.

पुढील भागात : ग्लॅडिओलसच्या दांड्या आडव्या का ठेवू नयेत?