दुवा विकत मिळत नाही

शेतकरी बंधुभगिनींनो आणि गुरुजनहो, तुमच्या गटाचे किंवा शाळेचे संकेतस्थळ तयार आहे; पण गूगलवर शोधणाऱ्याला ते सापडतच नाही. असे का व्हावे?

गावात नवा वैद्य आला, तर आपण त्याची पाटी पाहून जात नाही. चार जाणत्यांना विचारतो. इंटरनेटवरही तसेच आहे, बरं का! १९९८ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी हीच रीत गणितात बसवली. दुसऱ्या स्थळाने आपल्या पानाचा दुवा दिला, की ती एक शिफारस धरली जाते. ज्याची पत मोठी, त्याची शिफारस वजनदार.

आता कोणी म्हणेल, ‘पैसे टाका, हजार दुवे जोडून देतो.’ त्याच्या नादी लागू नका. २०१२ साली गूगलने ‘पेंग्विन’ नावाची सुधारणा आणली, आणि अशा बनावट शिफारशींवर उभी असलेली कितीतरी स्थळे यादीत खाली घसरली.

मग करावे काय? दुसरीकडे न मिळणारी माहिती द्या. शाळेने मोजलेला गावचा रोजचा पाऊस, शेतकऱ्याने जपलेल्या वाणाचा अनुभव, असे काही. ते ज्यांच्या उपयोगी पडेल, अशा कृषी महाविद्यालयाला, वर्तमानपत्राला कळवा. उपयोग झाला, की दुवा आपोआप येतो. आपल्या भाषेत दुवा म्हणजे आशीर्वादही. तो कमवावाच लागतो.